कोपऱ्यात वर जाऊन बसलेला मासा : आफ्रिकन सिक्लिडच्या टाकीतली पुन्हा पुन्हा येणारी अडचण

तक्रार जवळपास दर वेळी त्याच शब्दांत येते. "काका, परत एक वर जाऊन बसलंय." मागे उदगीरहून एका मुलाचा फोन आला, तोही असाच. चार फुटी टाकी, दुकानातून 'मिक्स आफ्रिकन', म्हणजे आफ्रिकेतल्या सरोवरांतले रंगीत सिक्लिड, म्हणून आणलेले सोळा मासे, वर्षभरात उरलेत सात. दर पंधरा-वीस दिवसांनी एखादा मासा फिल्टरच्या पाइपामागे, पाण्याच्या अगदी वरच्या थरात कोपरा धरतो. खाणं सोडतो. तीन-चार दिवसांत जातो. मग तो मुलगा दुकानातून निळं औषध आणतो, अर्धं पाणी बदलतो, मूठभर मीठ टाकतो आणि गेलेल्या माशाच्या जागी नवा आणून सोडतो. थोडे दिवस बरे जातात आणि पुन्हा कोपरा भरतो.

माझ्या लातूरच्या घरी हेच दीड वर्ष चाललं होतं. बारा डेमासोनींचे (निळ्या-काळ्या पट्ट्यांचा छोटा सिक्लिड) तीन उरेपर्यंत चार प्रकारची औषधं वापरून झाली होती. त्यातले बहुतेक मासे वाचले असते, हे आता कळतं. मी आजार गृहीत धरला आणि माशाकडे नीट बघितलंच नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी एवढंच बघा : एकच मासा वर आहे की सगळे? सगळे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील तर ताबडतोब एअर पंप लावा आणि खाली उन्हाळ्याबद्दल लिहिलंय ते वाचा. एकच असेल तर औषधाच्या बाटलीला हात लावू नका. दहा मिनिटं टाकीसमोर खुर्ची टाकून बसा. कोपरा धरणारा मासा तीन वेगवेगळ्या कारणांनी तिथे गेलेला असतो, लांबून तिघंही सारखेच दिसतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याच्या जिवावर उठतो.

मार खाल्लेला मासा शेपटीवरून ओळखू येतो. पर फाटलेले, शेपटीच्या कडा कुरतडलेल्या, अंगावर मागच्या बाजूला खवले उडून पांढरे ठिपके पडलेले. माझ्या एका डेमासोनीची शेपटी मुळापर्यंत गेली होती, झिजलेल्या खराट्यासारख्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. असा मासा भुकेला असतो, फक्त खाली यायची त्याची छाती होत नाही. खात्री करायची असेल तर त्याला त्याच टाकीत जाळीदार प्लास्टिकच्या टोपलीत वेगळं ठेवा. भाजीची टोपली चालते, वरून झाकण मात्र हवं. दिवसभरात त्याने दाणा उचलला तर निदान झालं. त्याला औषध नको, आसरा हवा.

दुसरा पोट फुगायच्या आजाराचा, ज्याला सगळे मलावी ब्लोट म्हणतात. याचे पर बहुधा धड असतात. तो दाणा तोंडात घेतो आणि थुंकतो, हे पहिलं लक्षण. मागे पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा लोंबते. श्वास जलद चालतो. पोट फुगलेलं दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून दाणा थुंकणारा मासा दिसला की त्याच दिवशी हालचाल करा.

तिसरी असते आई, आणि तिला ओळखण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. मलावी सरोवरातल्या या खडकाळ भागातल्या माशांची मादी अंडी तोंडात घेऊन उबवते. साधारण तीन आठवडे ती खात नाही किंवा अगदी नावाला खाते, इतरांपासून लांब, कोपऱ्यात किंवा कपारीत बसते. हनुवटीखालचा भाग फुगलेला दिसतो आणि मध्येच ती तोंडातल्या तोंडात काहीतरी घोळवल्यासारखं करते, अंड्यांना हवा लागावी म्हणून. 'खात नाही, कोपऱ्यात आहे' एवढंच बघून तिला जाळीने पकडलं आणि औषधाच्या पाण्यात टाकलं की ती घाबरून अंडी थुंकते किंवा गिळते. मी स्वतः हे दोनदा केलंय. दुसऱ्या वेळी जाळीत पिवळे दाणे पडलेले बघितले आणि मग त्या रात्री जेवण गेलं नाही.

फुगण्याच्या आजाराचा उपाय थोडक्यात सांगतो. त्या माशाला वेगळ्या भांड्यात काढा, हवा चालू ठेवा, पाणी त्याच टाकीचं घ्या. मेट्रोनिडॅझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी बारीक करून साधारण ४० लिटर पाण्याला एक, एक दिवसाआड, तीन वेळा. दर मात्रेआधी पाव पाणी बदला, आणि फिल्टरमध्ये कोळसा असेल तर काढून ठेवा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. मासा अजून खात असेल तर गोळी दाण्यात भिजवून देणं जास्त लागू पडतं. सूज असेल तर एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट), २० लिटरला सपाट एक चमचा. स्वयंपाकाचं मीठ त्याच्या जागी चालत नाही. गोळी माणसांची असली तरी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्या.

पण हा आजार परत परत येत असेल तर खाण्याचा डबा तपासा. हे मासे सरोवरात दिवसभर खडकावरचं शेवाळ खरवडून खातात, त्यामुळे त्यांचं आतडं लांब असतं. त्यांना ट्युबिफेक्स, ब्लडवर्म, उकडलेलं अंडं, चिकनचे तुकडे घातले की ते नीट पचत नाही. स्पिरुलिनाचा, म्हणजे शेवाळाचा दाणा ठेवा, दोन वेळा, दोन मिनिटांत संपेल एवढाच. आठवड्यातून एकदा वाफवून साल काढलेला मटार किंवा पालकाचं पान दगडाला रबर बँडने बांधून सोडा. एक दिवस पूर्ण उपास. आमच्याकडे गुरुवारी घरातल्या उपासाबरोबर त्यांचाही असतो, त्यामुळे विसर पडत नाही.

माझा अनुभव असा की 'वर जाऊन बसलंय' म्हणून येणाऱ्या फोनमध्ये बहुतेक मासे मार खाल्लेले निघतात. म्हणून आता त्याबद्दल.

एका संध्याकाळी मी खोलीतला दिवा लावला, टाकीचा बंद केला आणि समोर बसलो. मोठा नर डाव्या बाजूच्या दगडाखाली होता. कोपऱ्यातली मादी उजव्या टोकाला, पाइप आणि काच यांच्यामध्ये अंग आक्रसून, नाक वर करून उभी. तिने वीतभर खाली यायचं आणि त्याने चार फुटांवरून सरळ रेषेत येऊन तिला परत वर पाठवायचं. वीस मिनिटांत हे मी सतरा वेळा मोजलं. त्याच वेळी बाकीचे मासे त्याच्या दगडाला चाटून जात होते आणि तो त्यांच्याकडे फिरकतही नव्हता. ती तिसऱ्या दिवशी मेली. चौथ्या दिवशी सकाळी त्याच पाइपामागे दुसरा मासा उभा होता. आदल्या दिवसापर्यंत तो अगदी ठणठणीत होता.

तेव्हा मला ही साखळी समजली. या वसाहतीत वरपासून खालपर्यंत उतरंड असते आणि सगळ्यांचा राग खालच्या टोकाला येऊन साचतो. शेवटचा मेला की त्याच्या आधीचा आपोआप शेवटचा होतो. आणि आपण त्या जागी एकटा नवा मासा आणून सोडतो तेव्हा त्याला ना दगड ओळखीचा, ना कोणी सोबतीला. तो थेट तळाला जाऊन बसतो. दर पंधरा दिवसांनी एक मासा विकत घेऊन आपण ती जागा पुन्हा भरत असतो.

सरोवरात हे असं जिवावर बेतत नाही, कारण तिथे पळता येतं. मलावी सरोवर मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांच्या मध्ये साडेपाचशे किलोमीटरहून अधिक लांब पसरलंय. खडकात राहणाऱ्या या माशांना तिथले लोक म्बुना म्हणतात. डेमासोनी टांझानियाच्या किनाऱ्याजवळच्या पोम्बो खडकांवरचा. तिथे नराने हाकललं की मासा पुढच्या कपारीत शिरतो आणि भांडण संपतं. आपल्याकडे बांधावरून भांडणारे शेजारी निदान संध्याकाळी आपापल्या घरी जातात. चार फुटी काचेत हरलेल्याला जायला फक्त तो वरचा कोपरा असतो.

आता करायचं काय? सगळ्यात आधी यादी करा की टाकीत नेमकं कोण आहे. 'मिक्स आफ्रिकन' पिशवीत हमखास ऑराटस आणि केनयी येतात. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेली ऑराटसची पिल्लं फार देखणी दिसतात. त्यातला जो नर वरचढ होतो तो काळपट पडतो आणि टाकी ताब्यात घेतो. केनयीचं उलट, पिल्लं आणि माद्या निळ्या, नर मोठा झाला की पिवळा. चार फुटी टाकीत या दोघांना बाकीच्यांबरोबर ठेवणं मला पटत नाही. दुकानदाराला परत द्या, मोठी टाकी असलेल्या कुणाला द्या, पण काढा. त्यांच्या जागी यलो लॅब हा पिवळा मासा चांगला, त्यातल्या त्यात शांत.

मग संख्या. डेमासोनी पाच-सहा ठेवले तर हमखास एकमेकांना संपवतात. ते बारापेक्षा जास्त, शक्यतो पंधरा-अठरा हवेत. एवढे असले की नराला एकाच्या मागे लागणं जमत नाही, राग वाटला जातो. नर-मादी वरून सारखेच दिसतात, त्यामुळे पिल्लंच जास्त आणायची आणि मोठी होताना जास्तीचे नर बाहेर काढायचे. बाकीच्या जातींमध्ये एका नरामागे तीन-चार माद्या. माझ्या चार फूट बाय दीड बाय दीडच्या टाकीत आज अठरा डेमासोनी आणि आठ यलो लॅब आहेत. दगड-वाळू सोडून पाणी दोनशे लिटरच्या आसपास. तीन फुटी टाकी असेल तर एकाच जातीची वसाहत करा, दोन नकोत.

दगडांच्या बाबतीत आपला भाग श्रीमंत आहे. शहाबादी फरशीचे फुटके तुकडे कुठल्याही बांधकामावर पडलेले मिळतात. तो चुनखडीचा दगड, पाण्याचा पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) खाली येऊ देत नाही, आणि सपाट असल्यामुळे पत्त्यांच्या घरासारख्या एकावर एक कपारी रचता येतात. सोबत शेतातला काळा दगड. सिमेंट लागलेले तुकडे घेऊ नका, बाकीचे घासून उकळत्या पाण्याने धुवा. तळाला आधी थर्माकोलचा पातळ तुकडा, त्यावर दगड, आणि वाळू सगळ्यात शेवटी. दगड वाळूवर ठेवले तर हे मासे खालची वाळू उकरतात आणि ढिगारा एक दिवस काचेवर येतो. रचना वरपर्यंत न्या, दोन-तीन वेगवेगळे ढीग करा, आणि एका टोकाला उभं राहून दुसरं टोक दिसणार नाही असं बघा. चार फुटांवरून माझ्या नराला ती मादी दिसत होती, सगळा घोळ तिथेच होता.

नवीन मासे आणायचे तर एकटा कधीच नाही. पाच-सहा एकदम आणा. सोडायच्या दिवशी आधी सगळे दगड काढून रचना बदला. जुन्या माशांच्या हद्दी पुसल्या जातात आणि सगळे एका वेळी नव्याने जागा शोधतात. दिवा बंद करून रात्री सोडा. आणि एखादा नर तरीही ऐकत नसेल तर मार खाणाऱ्याला न काढता त्यालाच काढा. आठवडाभर दुसऱ्या टाकीत ठेवा, दगड बदला, मग परत सोडा. त्याची जागा तोवर गेलेली असते. डेमासोनीत मात्र कधी कधी दुसऱ्या नंबरचा लगेच त्याची गादी चालवतो, त्यामुळे तो आठवडा लक्ष ठेवा. दगड न काढता म्बुना पकडायचा प्रयत्न करू नका. तासभर जाळी फिरवाल, मासा कपारीतून कपारीत जाईल आणि सगळी टाकी धास्तावेल.

पाण्याबद्दल आपल्याकडे उगीच भीती असते. ज्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, बादलीला पांढरा थर धरतो, ते जड पाणी निऑन टेट्रासारख्या माशांना वाईट, पण या माशांना मानवतं. मलावीच्या पाण्याचा पीएच साधारण ७.७ ते ८.६ असतो आणि आपल्या बोअरचा बऱ्याचदा त्याच घरात येतो. शुद्ध म्हणून जारचं किंवा आरओचं पाणी भरणारे लोक मी बघितलेत. त्यात क्षार जवळपास नसतात, त्यामुळे पीएच टिकत नाही आणि एका रात्रीत घसरतो. उन्हाळ्यात जे पाणी उडून जातं त्याची तूट भरायला मात्र आरओचं पाणीच चांगलं. वाफ होताना क्षार मागे राहतात; वरून पुन्हा बोअरचं घालत गेलात तर पाणी महिन्यागणिक जड होत जातं. बदलायला बोअर, भरायला आरओ, असं लक्षात ठेवा.

बोअरचं पाणी एकदा नायट्रेटसाठी जरूर तपासा. खतं आणि सांडपाणी झिरपलेल्या भागात नळाखालीच नायट्रेट जास्त निघतं, मग कितीही पाणी बदला, आकडा हलत नाही. अशा वेळी काचेला बाहेरून अडकवलेल्या हँगिंग फिल्टरच्या डब्यात मनीप्लांटची मुळं सोडा, ती नायट्रेट शोषून घेतात. टाकीत सोडली तर मासे कुरतडतात.

टँकरचं किंवा नळाचं पाणी असेल तर टीसीएल पावडरचा (पाण्यात टाकतात त्या क्लोरीनच्या पावडरचा) वास विसरू नका. आठ-दहा दिवसांनी नळ येतो, हातात पाणी आहे म्हणून माणूस अर्ध्याहून जास्त टाकी ओततो आणि थेट पाइप सोडतो. क्लोरीनने कल्ले भाजतात, फिल्टरमधले घाण पचवणारे जिवाणू मरतात, आणि पुढच्या तीन-चार दिवसांत माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया चढतो. मृत्यू पाण्याच्या पाळीनंतर येतात का, हे एकदा कॅलेंडरवर बघा. ड्रममध्ये पाणी भरून त्यात रात्रभर एअरस्टोन चालवा, घाई असेल तर हायपो (क्लोरीन मारणारे खडे) घाला.

आणि पाण्याची नासाडी नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते हे शहर आहे, इथे कुणालाही दर आठवड्याला अर्धी टाकी ओता असं मला सांगवत नाही. दुप्पट क्षमतेचे फिल्टर ठेवा, कमी खायला घाला, आठवड्याला वीस टक्के पाणी बदला. माझ्याकडे ते तीन बादल्यांच्या आत बसतं. स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळतो आणि मग ते पाणी लिंबू आणि कढीपत्त्याला जातं.

उन्हाळा वेगळाच. एप्रिल-मे मध्ये टाकीचं पाणी ३२ अंशांवर जातं तेव्हा सगळ्याच अडचणी एकदम उसळतात. २५ अंशांना लिटरभर पाण्यात साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ ला सव्वासात. तेवढ्यात माशाची गरज मात्र वाढलेली असते, आणि रागही. त्यात आपल्या जड पाण्याची एक खोड आहे. पीएच ८.४ आणि पाणी ३० अंश असेल तर पाणी तपासायच्या किटमध्ये दिसणाऱ्या एकूण अमोनियाचा जवळजवळ सहावा हिस्सा विषारी रूपात असतो. पीएच ७ आणि २५ अंशांना तो हजारात सहाच्या आसपास. म्हणून पुण्या-मुंबईच्या मित्राच्या टाकीत चालून गेलेला अमोनिया आपल्याकडे चालत नाही. थोडासुद्धा दिसला तर खाणं बंद, पाणी बदला.

गार करायला बर्फाच्या पिशव्या नकोत, तापमान वर-खाली होतं. माठातलं पाणी जसं गार होतं तसंच इथे करा : वरचं काचेचं झाकण काढून जाळी लावा आणि लहान पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा सोडा. आपली हवा कोरडी, त्यामुळे दोन-तीन अंश सहज उतरतात. दुपारचं खाणं बंद करून सकाळी लवकर द्या.

लाईट जाते त्याची तयारी आधीच हवी. बॅटरीवरचा एअर पंप किंवा इन्व्हर्टरवर फक्त स्पंज फिल्टरचं बटण, एवढं पुरतं. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा झाकणबंद डबा) तीन-चार तास बंद राहिला असेल तर लाईट आल्यावर तसाच सुरू होऊ देऊ नका. आत ऑक्सिजन संपून जिवाणू मेलेले असतात आणि ते कुजकं पाणी एका झटक्यात टाकीत येतं. उघडा, टाकीच्याच पाण्यात आतलं माध्यम (जिवाणू राहतात ते स्पंज, खडे) हलवून धुवा, मग चालू करा. पहाटे सगळे मासे वर आलेले दिसतात त्यामागे पुष्कळदा रात्री गेलेली लाईट असते, घरातले झोपलेले असल्याने कुणाला कळत नाही.

उदगीरच्या त्या मुलाला मी फोनवर एवढंच विचारलं होतं, की वर बसलेल्याची शेपटी कशी आहे. त्याने फोन तसाच चालू ठेवून बघितलं आणि म्हणाला, "अर्धीच हाय." त्याने दोन ऑराटस परत दिले, भावाच्या बांधकामावरून शहाबादीचे तुकडे आणले, रचना बदलली आणि सात यलो लॅब एकदम सोडले. पाइपामागचा मासा टोपलीत तीन दिवस राहिला, खाऊ लागला, आता दगडात असतो.

काल पुन्हा त्याचा फोन. "काका, एक पिवळी कोपऱ्यात बसलीय, दोन दिवस झाले खाईना." फोटो मागवला. शेपटी धड, हनुवटी फुगलेली. त्याला सांगितलं, जाळी घालू नको, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजची तारीख लिही आणि पुढे एकवीस दिवस मोज.